सातशे घोडे कुठून बसले?

सुदर्शन औटी हे अखंड महाराष्ट्रातले एकमेव ऐतिहासिक गुप्तहेर होते. हे दुसरं कोणी म्हणत नव्हतं, त्यामुळे ते स्वतःच म्हणत. "नजर ससाण्याची, स्मरणशक्ती हत्तीची आणि चिकाटी घोरपडीची," अशी ओळख ते नव्या माणसाला करून देत. तेवढ्यात आतून प्रयागबाई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, बाहेर येऊन चष्मा त्यांच्या हातात ठेवत, कारण तो सकाळपासून सापडत नसे.

जुन्नरातल्या घराच्या फाटकावर पाटी होती: 'सुदर्शन औटी. ऐतिहासिक गुन्ह्यांचा तपास. चारशे वर्षांपर्यंतची प्रकरणे स्वीकारली जातील.' त्याखाली बारीक अक्षरात 'दुपारी एक ते चार बंद' असं लिहिलेलं होतं. चारशे वर्षं थांबलेल्या प्रकरणाला आणखी तीन तास थांबायला हरकत नसावी, असं त्यांचं म्हणणं होतं.

गुप्तहेर होण्याआधी ते एकतीस वर्षं एसटीत तिकीट तपासनीस होते. रस्त्यात गाडीला हात करायचा, दारातून चढायचं आणि एकेकाला विचारायचं, "कुठून बसलात?" या एका प्रश्नावर त्यांनी भलेभले खाली उतरवले होते. निवृत्तीनंतर उतरवायला माणसं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी इतिहासाला हात केला. इतिहासातली माणसं पळून जात नाहीत आणि ओळखीच्या पुढाऱ्याचं नावही सांगत नाहीत, हा त्यातला फायदा.

आतापर्यंत त्यांनी एकच प्रकरण तडीस नेलं होतं. लेण्याद्रीच्या पायऱ्या त्यांनी तीन वेळा मोजल्या, तिन्ही वेळा वेगळा आकडा आला आणि त्यावरून पायऱ्या वाढत आहेत असा निष्कर्ष त्यांनी काढला. संबंधित खात्याला त्यांनी तसं रजिस्टर पोस्टाने कळवलं. चार वर्षं झाली, उत्तर नाही. त्यावरून खातं हादरलेलं आहे, हे त्यांनी ताडलं होतं.

गुप्तहेराला सहायक लागतो, म्हणून त्यांनी पुतणीला नेमलं होतं. अश्विनीला कोणी विचारलं नव्हतं. ती जुन्नर भागातल्या जुन्या बारवांवर, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींवर, पीएचडी करत होती, राहायला काकांकडे होती आणि तिच्याकडे लॅपटॉप होता. एवढ्या तीन पुराव्यांवर तिची नेमणूक झाली होती.

त्या गुरुवारी सकाळी अश्विनीच्या मॅडमचा पुण्याहून फोन आला. प्रबंध सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत द्यायचा होता. मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा वाढणार नव्हती आणि सोमवार चुकला तर तिची नोंदणीच रद्द होणार होती. म्हणजे पाच वर्षं पाण्यात. मॅडमनी शांतपणे विचारलं, तिसऱ्या प्रकरणातले सातशे घोडे कुठून आणले?

तिसरं प्रकरण बोरमाळच्या बारवेचं. बोरमाळ हे निमगाव सावाच्या पलीकडचं लहानसं गाव. तिथल्या बारवेवर एका सरदाराने सातशे घोड्यांसह मुक्काम केला, असं अश्विनीने एका पुस्तकात वाचलं होतं. मग तिने त्या सातशे घोड्यांवर चाळीस पानं रचली. एवढे घोडे थांबले म्हणजे तो लष्करी मार्ग, लष्करी मार्ग म्हणून बारव एवढी मोठी, बारव मोठी म्हणून गाव महत्त्वाचं. सगळं प्रकरण त्या घोड्यांच्या पाठीवर बसलेलं होतं.

मॅडमचं म्हणणं साधं होतं. नंतरच्या माणसाने लिहिलेलं पुस्तक हे दुय्यम साधन. ते वापरायला काहीच हरकत नाही, पण तो लेखक कशाच्या आधाराने बोलतोय ते उघडून बघायचं असतं. "तू बघितलंस का?" मॅडमनी विचारलं. अश्विनीने बघितलं नव्हतं. पुस्तक जाड होतं, लेखक प्राध्यापक होते आणि तळटीप होती, एवढ्यावर तिने विश्वास ठेवला होता. तिला लाज वाटली. घोड्यांचं मूळ शोध, नाहीतर प्रकरण काढून टाक, असं सांगून मॅडमनी फोन ठेवला. आणि ते प्रकरण काढलं तर प्रबंधात दोन विहिरींची मापं आणि आभार एवढंच उरत होतं.

काका दाराआड उभे राहून सगळं ऐकत होते. ते ससाण्याच्या चालीने आत आले आणि त्यांनी प्रकरण स्वीकारल्याचं जाहीर केलं.

दुपारी एकच्या आत तपासाची पहिली फेरी झाली. अश्विनीने तीन पुस्तकं टेबलावर मांडली: एक जाड निळं, एक पिवळं आणि एक पातळ हिरवं. निळ्या पुस्तकात घोडे होते आणि तळटीप म्हणत होती, पिवळं पाहा. पिवळ्यात घोडे होते, तळटीप म्हणत होती, हिरवं पाहा. अश्विनीने घाईने हिरवं उघडलं. ते तळेघरच्या रखमाजी गुरुजींनी लिहिलेलं होतं. त्यातही घोडे होते आणि तळटीप म्हणत होती, निळं पाहा.

ती मटकन खुर्चीत बसली. काका मात्र खूश झाले.

"तीन उतारू," ते म्हणाले. "पहिल्याला तिकीट विचारलं, तो म्हणतो मागच्याकडं आहे. मागचा म्हणतो त्याच्या मागच्याकडं. आणि सगळ्यात मागचा म्हणतो पुढच्याकडं. नारायणगावच्या गाडीत हेच झालं होतं एकदा. अख्खं वऱ्हाड होतं."

"मग तिकीट कोणाकडे निघालं?"

"कोणाकडंच नव्हतं."

हे उत्तर बरोबर होतं. काकांनी इथेच थांबायला हवं होतं. पण तपास गुरुवारी सुरू होऊन गुरुवारीच संपणं त्यांना कमीपणाचं वाटलं असावं. तिघे लेखक एका टोळीचे आहेत, टोळीला बोरमाळची बारव लपवायची आहे आणि बारवेत खजिना आहे, असे तीन निष्कर्ष त्यांनी एका दमात काढले. मग एक वाजला आणि ते झोपायला गेले.

शुक्रवारी त्यांनी घटनास्थळाची पाहणी ठरवली. अश्विनीला खरं तर तळेघरला जाऊन गुरुजींना गाठायचं होतं, पण आरोपीला आधी भेटलं की तो सावध होतो, हे काकांचं तत्त्व होतं. ती मुकाट्याने त्यांच्या स्कूटरवर मागे बसली. एक दिवस वाया जाणार हे तिला फाटकातच कळलं होतं.

बोरमाळच्या बारवेत पाणी होतं. काकांनी पायरीवर बसून हिशेब मांडला. एक घोडा दीड हंडा पाणी पितो, म्हणजे सातशे घोड्यांना हजाराच्या वर हंडे लागणार. पण त्याहून मोठा प्रश्न त्यांना सुचला. घोडा पायऱ्या उतरतो का? कोणत्याही इतिहासकाराने हा प्रश्न विचारलेला नाही, असं ते म्हणाले. ते बहुधा खरं असावं.

शेजारच्या पडीक रानात सोमाजी धनगराची मेंढरं बसली होती आणि सामान वाहायचं त्याचं तट्टू तिथेच चरत होतं. काकांनी विज्ञानाच्या नावावर तट्टू मागितलं. सोमाजीने दिलंही, कारण दुपारची वेळ होती आणि त्याला दुसरं काही बघायला नव्हतं.

तट्टू पहिल्या पायरीशी आलं आणि थांबलं. काकांनी पुढून ओढलं, मागून ढकललं, मग त्याच्या कानात काही समजुतीचे शब्द सांगितले. तट्टूने काकांची टोपी खाल्ली. सगळी नाही, पुढचा भाग.

"पावणं," सोमाजी बसल्या जागेवरून म्हणाला, "त्ये पायरी उतरत न्हाई. त्याला बादलीत पानी लागतं."

काका एकदम ताठ झाले. डोळे बारीक करून त्यांनी सहायकाकडे पाहिलं. घोडे खाली उतरत नाहीत, म्हणजे पाणी वर आणावं लागणार. म्हणजे सातशे बादल्या. आता या परिसरात जुन्या बादल्या किती सापडल्या आहेत? एकही नाही. सातशे बादल्या अशा हवेत विरत नाहीत. त्यांनी वहीत लिहिलं: 'हा मुक्काम नसून बादल्यांची चोरी असावी.' अश्विनीने सोमाजीची माफी मागितली. तो म्हणाला, न्हाई ताई, तुमी उद्या बी या.

परत येताना तिला रडू येत होतं. हसूही येत होतं, त्यामुळे दोन्ही धड होईना. उरले तीन दिवस आणि हातात अर्धी टोपी.

शनिवारी ती पहाटेच्या गाडीने तळेघरला निघाली. एकटी जायचा बेत होता, पण काका स्टँडवर आधीच उभे होते. वाटेत त्यांनी सवयीने गाडीतल्या सगळ्यांना कुठून बसलात ते विचारून घेतलं. कंडक्टर ओळखीचा होता, म्हणून खपून गेलं. घोडेगाव मागे पडलं, चढ लागला आणि तळेघरला उतरल्यावर कापणी झालेल्या भाताच्या खाचरांमधून तासभर चालणं आलं. एवढ्या वेळात काकांनी गुरुजींचा सगळा गुन्हा जुळवून ठेवला. मूळ कागद गुरुजींकडे आहे, तो त्यांनी जाळला आहे आणि राख नाचणीच्या शेतात टाकली आहे. यंदा नाचणी चांगली आली असेल तर पुरावा पक्का.

रखमाजी गुरुजी ऐंशीच्या घरातले होते. पाहुणे आले या आनंदात त्यांनी कोरा चहा आणि नाचणीची भाकरी समोर ठेवली. नाचणी चांगली आली होती. काकांनी सहायकाला कोपराने ढोसलं आणि मग गुरुजींकडे वळून आपला प्रश्न टाकला.

"कुठून बसलात?"

"मी? सकाळपास्नं इथंच बसलोय," गुरुजी म्हणाले.

अश्विनीने मग नीट विचारलं. गुरुजींच्या हिरव्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत घोड्यांच्या खाली 'जुन्या छापील साधनावरून' एवढंच लिहिलेलं होतं. पुढे पिवळ्या पुस्तकाने त्यांच्यावरून घेतलं, निळ्याने पिवळ्यावरून घेतलं आणि गुरुजींनी निळं पुस्तक पाहिलं तेव्हा त्यांना धन्य वाटलं. पुण्याचे प्राध्यापकही आपलंच म्हणणं म्हणतात. म्हणून दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी आपली जुनी टीप काढून प्राध्यापकांचं नाव घातलं. आपल्यापेक्षा मोठ्या माणसाचं नाव बरं दिसतं, असं ते निरागसपणे म्हणाले.

"पण ते जुनं छापील साधन कोणतं, गुरुजी?"

"बोरमाळच्या जत्रेची स्मरणिका, चौऱ्याण्णव सालची. मी तवा बोरमाळला हेडमास्तर व्हतो. छापील व्हतं म्हनून घेतलं. छापलेलं खोटं कसं आसंल, बाळ?"

अश्विनीसुद्धा हेच करून बसली होती, फक्त तिने इंग्रजी तळटीप घातली होती.

गुरुजींकडे स्मरणिका उरली नव्हती. बोरमाळमध्ये अश्विनीने काल विचारून पाहिलं होतं, तिथे कोणाकडे जुना कागद म्हणून नव्हता. परतीच्या गाडीची वाट बघताना काकांनी नवा सिद्धांत मांडला. स्मरणिकेच्या सगळ्या प्रती शेजारच्या गावाने चोरल्या, त्या सातशे बादल्यांमध्ये भरल्या आणि बारवेत बुडवल्या. आता सगळे धागे जुळत होते. अश्विनी खिडकीकडे तोंड करून बसली. सोमवारी मॅडमना काय सांगायचं, ते ती मनात जुळवत होती आणि कुठलंच वाक्य जमत नव्हतं.

घरी पोचल्यावर ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि प्रयागबाईंपाशी बसून तिने सगळं सांगून टाकलं. पाच वर्षं गेली, काकू, असंही म्हणाली. प्रयागबाई दूध तापवत होत्या. त्यांनी दुधावरची नजर हलवली नाही.

"बोरमाळची स्मरणिका ना? ती खालून दुसऱ्या फळीवर हाय. पोह्याच्या डब्याखाली."

अश्विनीला वाटलं काकू चेष्टा करताहेत. पण प्रयागबाईंनी गॅस बंद केला, पोह्याचा डबा उचलला आणि खालचा पिवळा पडलेला कागद ओढून दिला. काका तपासनीस असताना वाटेवरचं प्रत्येक गाव जत्रेची स्मरणिका त्यांना भेट देत असे, कारण शुभेच्छुकांच्या यादीत त्यांचं नाव छापलेलं असे. काका आपलं नाव बघून ती बाजूला टाकत. मग प्रयागबाई पानं सुटी करून मांडणीच्या फळ्यांवर अंथरत. दूध तापेपर्यंत करायला काही नसतं, म्हणून गेली तीस वर्षं त्या फळ्या वाचत होत्या.

अश्विनीने वाचलं. 'आपले बोरमाळ हे गाव ऐतिहासिक असून येथील पाणवठ्यावर एका शूर सरदाराने सातशे घोड्यांसह मुक्काम केल्याचे जाणकार सांगतात. कान देऊन ऐकणाऱ्यास त्या टापा आजही ऐकू येतात.' टापांचं वाक्य तिन्ही पुस्तकांपैकी एकातही नव्हतं. तिला वाटलं, सगळ्यात चांगलं वाक्यच नेमकं सगळ्यांनी गाळलं.

"आनि ह्यो सरदार लई फिरलेला हाय," प्रयागबाई म्हणाल्या. "साखरेखाली बी हाय, डाळीखाली बी हाय."

सगळे डबे जमिनीवर आले. नऊ फळ्यांवर नऊ गावं निघाली आणि प्रत्येक गावात तोच सरदार, तोच मुक्काम, त्याच टापा. फक्त घोडे वेगवेगळे होते. चिंचदऱ्यात पाचशे, उंबरठाणात तीनशे, खडकमाळात सहाशे.

काका दारात उभे होते. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी नऊ कागद उचलले, बैठकीत पसरले आणि अर्ध्या तासात तालुक्याच्या नकाशावर लाल रेघ ओढली. इतिहासाला माहीत नसलेली एक अख्खी मोहीम त्यांना सापडली होती. नऊ मुक्काम होते आणि घोडे कुठे चढत होते, कुठे उतरत होते.

"बघ," ते म्हणाले, "चिंचदऱ्याला पाचशे होते. बोरमाळला दोनशे चढले. खडकमाळच्या फाट्यावर शंभर उतरले. उंबरठाणला तर निम्मी फौज खाली झाली. सगळा मार्ग जुळतो."

जुळत होता खरा. अश्विनी त्या रेघेकडे बघत राहिली आणि क्षणभर, म्हणजे चांगली पाच मिनिटं, तिचा विश्वास बसला. अज्ञात मोहीम, नऊ छापील आधार, तिसरं प्रकरण वाचलं, पीएचडी झाली, कदाचित बक्षीससुद्धा. मग तिला तो मार्ग ओळखीचा वाटू लागला. सकाळी सव्वासातला जुन्नरहून सुटणारी गाडी याच क्रमाने थांबत होती.

तिने ते सांगितलं. काका डगमगले नाहीत. महामंडळाने मार्ग आखताना सरदाराचं अनुकरण केलं असणार, असं त्यांचं मत पडलं.

प्रयागबाई डबे परत लावायला कागद मागायला आल्या होत्या. एकेक उलटा करून त्यांनी काकांपुढे धरला. प्रत्येकाच्या खालच्या कडेला बारीक अक्षरात एकच ओळ होती: 'मुद्रक: भीमलंका मुद्रणालय, जुन्नर.'

"समद्या एकाच ठिकानी छापल्यात," त्या म्हणाल्या. "ती लंकाबाई हाय की अजून, दोन गल्ल्या सोडून. उद्या जाऊन तिलाच इचारा. आनि माझे कागद द्या आधी, मुंग्या लागतील."

तीन दिवसांच्या तपासात हा विचार गुप्तहेराला सुचला नव्हता आणि खरं सांगायचं तर पीएचडीवालीलाही सुचला नव्हता. दोघं एकमेकांकडे न बघता जेवायला बसले.

रविवारी सकाळी ती दोघं भीमलंका मुद्रणालयात गेली. नाव नवरा-बायकोच्या नावांवरून ठेवलेलं होतं. नवरा, भिमाजी ताजणे, जाऊन बारा वर्षं झाली होती. लंकाबाई आता फक्त लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापत होत्या. काकांनी दारातच अटकेची तयारी दाखवली आणि टोळीचा म्होरक्या कोण ते विचारलं. लंकाबाईंनी त्यांना बसायला स्टूल दिलं. मग अश्विनीने घोड्यांचं विचारलं.

"व्हय, ते आमचेच," लंकाबाई म्हणाल्या.

गोष्ट अगदी सरळ होती. गावं स्मरणिका छापायला घेऊन येत. जाहिराती आणि शुभेच्छुक पुरेसे जमले नाहीत की शेवटचं पान मोकळं राही आणि मोकळं पान दिसलं की जत्रेची कमिटी भांडायला येई. भिमाजी स्वतःच जुळारी, म्हणजे छपाईची अक्षरं जुळवणारे, म्हणून त्यांनी एक मजकूर जुळवून ठेवला होता. कुठल्याही गावाला बसेल असा, इतिहास असलेला, कोणाचा अपमान न करणारा. पान रिकामं राहिलं की तो उचलायचा, गावाचं नाव बदलायचं आणि लावून टाकायचा.

"आणि घोडे कमी-जास्त कसे?" अश्विनीने विचारलं.

"कमिटी वाढवून घ्यायची. आदी समद्यांना तीनशेच व्हते. चिंचदऱ्यानं पाचशे करून घेतले. मग बोरमाळचे मास्तर आले. म्हनाले, चिंचदऱ्याला पाचशे आन आमाला तीनशे? आमची जत्रा मोठी हाय. तवा सातशे केले."

"बोरमाळचे मास्तर म्हणजे रखमाजी गुरुजी?"

"त्येच. लई भला मानूस."

गुरुजींनी स्वतः वाढवून घेतलेले घोडे बारा वर्षांनी स्वतःच पुस्तकात घातले आणि छापील आहे म्हणून त्यांच्यावर विश्वासही ठेवला. काकांनी वही काढली, 'टोळी' हा शब्द खोडला आणि बराच वेळ तिथे काय लिहावं याचा विचार केला.

लंकाबाई आत गेल्या आणि दोन्ही हातांनी उचलून एक जड वस्तू घेऊन आल्या. शिशाच्या खिळ्यांचा, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांचा, तो मजकूर अजून तसाच होता, चारी बाजूंनी सुतळीने बांधलेला. बाकीचं सगळं शिसं भंगारात गेलं, हा तेवढा त्यांनी ठेवला होता. अश्विनीने तो खिडकीशी धरला आणि उलटी अक्षरं बोटाने लावत वाचली. 'आपले' आणि 'हे गाव' यांच्यामध्ये रिकामी जागा होती. नाव कोणतंही घालावं. टापांचं वाक्य शेवटी होतंच.

चाळीस पानं गेली हे तिला तेव्हा पक्कं कळलं. आणि नवल म्हणजे, तिला हलकं वाटलं. गेले तीन दिवस ती घोड्यांमागे धावत होती आणि घोडे इथे, सुतळीत बांधलेले होते. या मजकुरावरून स्मरणिका, स्मरणिकेवरून हिरवं, हिरव्यावरून पिवळं, पिवळ्यावरून निळं आणि निळ्यावरून ती स्वतः. एकानेही मागचं दार उघडून बघितलं नव्हतं. लिहायला हवं होतं ते हेच. तिने तिथूनच मॅडमना फोन लावला. मॅडम आधी बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, उद्या पाचपर्यंत लिहून होईल का, ते सांग. अश्विनी म्हणाली, होईल.

निघताना लंकाबाईंनी तिला थांबवलं. त्या जरा संकोचून बोलत होत्या.

"ते तीन पुस्तकांत गेलं म्हनालीस. मग यांचं नाव हाय का कुठं?"

"नाही, आजी. कुठेच नाही."

"यांना लिहायची लई हौस व्हती. पुन्याला दोनदा गोष्ट पाठवली, परत आली. हे एवढंच छापलं गेलं, आन ते बी आमच्याच मशीनवर." त्यांनी खिळ्यांवरची धूळ पदराने पुसली. "खोटं व्हतं त्ये मला ठाव हाय. पन लिहिलं व्हतं त्यांनीच."

सोमवारी साडेचार वाजता प्रबंध दाखल झाला. घाईत लिहिलेल्या तिसऱ्या प्रकरणात चुका होत्या, एका पानाचा आकडा दोनदा आला होता, पण ते उभं राहिलं होतं. काकांनी आपल्या वहीत प्रकरण सुटल्याची नोंद केली, तपासनीस म्हणून स्वतःची सही केली आणि सरदाराच्या मोहिमेचा नकाशा रजिस्टर पोस्टाने संबंधित खात्याला पाठवून दिला. प्रयागबाईंनी फळ्यांवर नवीन कागद घातले. जुने नऊ त्यांनी पिशवीत भरून अश्विनीला दिले.

आठवड्याने अश्विनी प्रबंधाची एक प्रत घेऊन लंकाबाईंकडे गेली. तिने तिसरं प्रकरण उघडून पानाच्या तळाशी बोट ठेवलं. लंकाबाईंनी चष्मा लावला आणि एकेक शब्द जोडत मोठ्याने वाचलं. 'मूळ मजकूर: भिमाजी ताजणे, जुळारी आणि लेखक, भीमलंका मुद्रणालय, जुन्नर. स्मरणिकेतील रिकाम्या पानासाठी लिहिलेला.' खाली टापांचं वाक्य पूर्ण दिलं होतं.

'लेखक' या शब्दापाशी त्या थांबल्या आणि तो त्यांनी परत वाचला.

"किती लोकं वाचतील ह्ये?" त्यांनी विचारलं.

खोटं सांगणं अश्विनीच्या जिवावर आलं. मॅडम, दोन परीक्षक आणि आता तुम्ही, असं ती म्हणाली. एवढेच.

"चार," लंकाबाई म्हणाल्या. "स्मरणिकेचं शेवटचं पान कोनीच वाचत न्हाई म्हनायचे ते. चार लई झाले." आणि कोणाची तरी लग्नपत्रिका वाळत घातली होती, ती बाजूला सारून त्यांनी पुस्तक तसंच उघडं टेबलावर ठेवलं.